कुरतडलेल्या पानाची डाय

ये, अशी जवळ ये. ती खुर्ची पुढे ओढ, पंख्याचा वारा तिथे लागत नाही. चहा टाकते, पण आधी तुला चार शब्द रागावू दे. इतके दिवस पोटात ठेवलेत.

सहा दिवस गप्प बसलीस गं! एक आकडा नाही, एक शब्द नाही. आणि सातव्या दिवशी, दुपारी चारला दहा सेकंद कमी असताना आलीस, नि घेऊन गेलीस. असं करतात का? आमच्याकडे पाहुणासुद्धा अंगणातून हाक मारत येतो.

तू बाई आहेस की बाबा, मला ठाऊक नाही. साइटवर तुझ्या नावाच्या जागी एक अक्षर पुढे, एक मागे, नि मधे सगळ्या चांदण्या. मी आपलं तुला बाईच धरलंय. बाईला अगंतुगं केलं तर चालतं, आणि रागावून झाल्यावर डोक्यावरून हात फिरवता येतो.

तू लिलावात जिंकलीस ती डाय माझ्या ह्यांच्या हातची. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली.

डाय म्हणजे काय ते तुला माहीत असेल किंवा नसेल, म्हणून सांगते. कितीतरी लोक ती कागदावर वजन म्हणून ठेवतात असं ऐकलं. लोखंडाची पट्टी असते, हाताच्या बोटाएवढी लांब, कधी वीतभर. तिच्यावर छिन्नीने नक्षी खोल कोरायची. फूल असेल तर फुलाचा खड्डा, पान असेल तर पानाचा. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो, की खड्ड्यातलं फूल पत्र्यावर वर उठून येतं. त्याच्या मग पाटल्या होतात, कुड्या होतात, हाराची पदकं होतात. आमच्या तारापूर-चिंचणीच्या बाजूला घरोघरी हे काम चालायचं. अजून चालतं, पण आता पुष्कळ ठिकाणी मशीन कोरतं. त्या वेळी गल्लीतून चाललं की प्रत्येक खिडकीतून टक-टक ऐकू यायची, आणि कुणाची टक-टक कुणाची ते बायकांना बरोबर कळायचं. ह्यांची दोन बारीक आणि एक जोराची. ती थांबली की मी भाजी उतरवायची. जेवायला येणार म्हणून.

आता गंमत ऐक. जन्मभर ह्यांनी डाया कोरल्या, आणि घरात एक नाही. कोरून झाली की मुंबईच्या पेढीकडे. डाय सोनाराची, नक्षीही सोनाराची, आपली फक्त मजुरी. कारागिराने त्यावर नाव घालायचं नाही, खूण करायची नाही, आणि तीच नक्षी दुसऱ्याला द्यायची नाही. मी म्हणायची, "एखादी ठेवा की मला!" तर हे म्हणायचे, "तुला काय करायचंय लोखंड? डोक्यात मारशील माझ्या."

पण त्यांची एक सवय होती. काम बरं जमलंय की नाही ते बघायला बाकीचे कारागीर लाख तापवून दाबायचे. हे उठून स्वयंपाकघरात यायचे. आमच्याकडे तांदळाची भाकरी उकडीची. माझ्या परातीतली ऊन ऊन उकड चिमूटभर उचलायची, डायवर दाबायची, अलगद सोडवायची, आणि माझ्या तळहातावर ठेवायची. पांढरंशुभ्र फूल. पाकळीवरची शीरसुद्धा दिसायची. "कसं आहे?" मी म्हणायची, "बरं आहे." एवढंच. जास्त कौतुक केलं की हे दुसऱ्या दिवशी बिघडवायचे. मग ते फूल मी परत उकडीत मळायची आणि भाकरी थापायची. किती फुलं खाल्ली आम्ही दोघांनी, सांगता येणार नाही.

तुझी डाय आहे ना, ती पानांची. विड्याच्या पानांचा वेल, सात पानं. माझं माहेर केळव्याच्या बाजूचं, आमचा पानाचा मळा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी माहेराहून पानं बांधून आणली, त्यात एक पान कडेला अळीने कुरतडलेलं. हे ते टाकायला निघाले. मी हिसकावून घेतलं. म्हटलं, अळीला कळतं कुठलं पान गोड, ते मला. हे हसले नाहीत, माझ्या हातातलं ते पान नीट बघून घेतलं. महिन्याभराने पाटल्यांसाठी वेलाची डाय कोरायला आली. एके दिवशी उकडीचा ठसा माझ्या हातावर ठेवला, बघते तर सात पानांतलं पाचवं कडेला कुरतडलेलं! दोन घास घेतल्यासारखं. मी घाबरले. म्हटलं, पेढीवाले परत पाठवतील. तर हे म्हणाले, "वेल आहे. वेलाचं पान कोणीतरी खाणारच."

पेढीवाल्यांनी ठेवून घेतली. कुठल्या कुठल्या बायकांच्या हातात त्या पाटल्या गेल्या असतील. मी तशी पाटली कधी बघितलीही नाही. मी बघितला तो फक्त उकडीचा ठसा, आणि तो मी त्याच दिवशी भाकरीत मळला.

हे तुला आधीच सांगितलं, म्हणजे पुढचं माझं वेड तुला कळेल.

झालं असं, की सूनबाईने मला फोनवर जुन्या वस्तूंच्या लिलावाची साइट दाखवली. तिला खलबत्ता हवा होता. बोटाने वर सरकवता सरकवता एकदम डाया दिसल्या. दहा-बारा, गंजलेल्या, एका ओळीत मांडलेल्या. पेढ्या बंद होतात, दुकानं मोडतात, मग ती लोखंडं भंगारात येतात आणि तिथून अशी. त्या दिवसापासून माझा नेमच झाला. जेवणं आवरली, भांडी पालथी घातली की चष्मा लावून बसायचं. सून म्हणायची, "आई, डोळे जातील." मी म्हणायची, ह्यांचे नाही गेले इतकं बारीक कोरून, माझे कशाला जातात?

आणि एका दुपारी ते पान दिसलं. फोटो तिरका, उजेड वाईट, लिहिलेलं फक्त "जुना पानांचा साचा". पण मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि पाचवं पान. दोन घास घेतलेलं.

चष्मा पुसला, पुन्हा पानं मोजली, पाचवंच. नुसती बघत बसले.

लिलाव सात दिवसांचा होता. मला वाटलं, लगेच आकडा टाकावा नि मोकळं व्हावं. माझी एक मैत्रीण आहे, मासे विकते. बंदरावर बोटी लागल्या की माशांचा लिलाव होतो, तिथे ती चाळीस वर्षं बोली लावते. ती दारावर टोपली घेऊन आली, तिला सगळं सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली आणि मला अशी झापली! म्हणाली, "वयनी, तुमी आधी ह्यो फोन खाली ठेवा. जी पापलेटं मला पायजेत ना, त्यांच्याकडं मी पाठ करून उभी रातें. बोंबलांच्या पाटीकडं बघतें नि नाक मुरडतें. तुमी तर तोंडावरनंच सगल्यांना सांगाल!"

"मग करू काय?"

"घरनं निघताना आकडा ठरवायचा. पोटात ठेवायचा. तिथं गेल्यावर आकड्याला हात लावायचा नाय. आनि आधी बारीक सारीक कायतरी घ्या, ज्याच्यावर जीव नाय. हात बसूं द्या."

तशी मी हात बसवायला लागले. दुसरे लिलाव संपत होते, त्यांत एक पितळी सोऱ्या बघितला. सुनेने शिकवलं, की आधी विकणाऱ्याबद्दल बाकीच्यांनी काय लिहिलंय ते वाचायचं. फोटो सगळ्या बाजूंनी मागायचे. पाठवायचा खर्च वेगळा की त्यातच, ते विचारायचं. आणि वेळेचा नियम बघायचा. काही साइटवर शेवटच्या मिनिटाला बोली आली की घड्याळ पुढे सरकतं, काहींवर सरकत नाही. ह्या साइटवर सरकत नव्हतं. शिवाय आपला शेवटचा आकडा मशीनला सांगून ठेवता येतो. समोरचा वाढला तर मशीनच आपल्या वतीने पायरी पायरीने वाढतं, गरजेपुरतं. म्हणजे पोटातला आकडा आपल्या पोटातून काढून मशीनच्या पोटात ठेवायचा. सोऱ्या मला मिळाला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आकडा टाकला, समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरला नाही. मी टाळ्या वाजवल्या.

मग डोक्यात गेलं. एका पानाच्या डब्यावर कोणीतरी माझ्या पुढे पुढे जायला लागला, तशी मी चिडले. डबा राहिला बाजूला, मला त्याला हरवायचं होतं. हरवलं. डबा मागाहून आला, तर झाकण बसेना. अजून बसत नाही, त्यात मी लसूण ठेवते. मी कसं हरवलं ते ऐकूनच मैत्रीण पोट धरून हसली होती. "वयनी, मानसावर बोली नाय लावायची. मालावर लावायची."

एवढं सगळं शिकले, आणि नेमकी चूक केली ती वेगळीच. ती फोनची चूक नाही, माझ्या वळणाची.

आमच्या गावात नवरात्र झालं की देवीपुढे आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. नारळ, साड्या, एखादी समई. तिथे रीत अशी, की ज्याच्या जिवाशी ती वस्तू लागलेली असेल त्याने उठून उभं राहायचं आणि सांगायचं. "ही साडी माझ्या लेकीने नवसाला वाहिलेली, ती सासरी गेली, मला हवी." मग बाकीचे हात खाली ठेवतात. कोणी सांगत नाही, ठेवा म्हणून. आपोआप ठेवतात. ती बाई आपल्या ऐपतीचा आकडा बोलते आणि साडी घेऊन जाते. ह्यांनी देवीला वाहिलेला शाल-नारळ मी तसाच घेतला होता एकदा.

तर मला वाटलं, इथे पण माणसंच आहेत ना!

दोन दिवस झाले होते, माझ्या डायवर एकही बोली नव्हती. साइटवर विकणाऱ्याला प्रश्न विचारायची जागा असते, ती सगळ्यांना दिसते. सून भाजी आणायला बोईसरला गेलेली. मी एका बोटाने टाइप करून करून लिहिलं, "ही डाय माझ्या मिस्टरांनी कोरलेली आहे. पाचवं पान बघावं, ते अळीने खाल्लेलं आहे, ते त्यांनी माझ्यासाठी केलं. ते आता नाहीत. तरी कृपया कोणी बोली वाढवू नये ही विनंती."

लिहिलं आणि मला इतकं हलकं वाटलं. उभं राहून सांगितलं, आता सगळे हात खाली ठेवतील.

संध्याकाळपर्यंत चार बोली आल्या.

आणि विकणाऱ्याने "जुना पानांचा साचा" काढून तिथे काय लिहावं? "हाताने कोरलेली दुर्मिळ डाय, कारागिराच्या पत्नीने ओळखलेली, कुरतडलेल्या पानासह." फोटोही नवा, पाचवं पान मोठं करून. सून आली, तिने वाचलं, आणि डोक्याला हात लावून खालीच बसली. "आई, अहो हे काय केलंत? कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं!" मी म्हटलं, मी खरं तेच लिहिलं. ती म्हणाली, "खरं होतं म्हणूनच तर!"

तिचं बरोबर होतं. पाच दिवस मी तो आकडा वर चढताना बघत होते. गंजलेल्या लोखंडाला कोणी विचारत नव्हतं, मीच त्याला मोलाचं करून ठेवलं. ह्यांनी जे नाव घातलं नाही, खूण सांगितली नाही, ते मी बाजारात उभं राहून सांगितलं. पण तुला खरं सांगू का? थोडं बरंही वाटत होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ह्यांच्या कामाला पहिल्यांदाच कोणी "कोणी केलं" म्हणून बघत होतं.

रविवारी चारला लिलाव संपायचा. खाली रेंज धरत नाही, म्हणून आम्ही गच्चीवर टाकीच्या सावलीत बसलो. सून फोन धरून, मी, आणि मैत्रीण. ती मासे विकून सरळ आलेली, टोपली शेजारी ठेवून पाय पसरून बसली होती. आकडा मी ठरवलेला होता. किती ते सांगत नाही. ह्यांना कळलं असतं तर म्हणाले असते, एवढ्यात नवीन कोरून दिली असती.

पाच मिनिटं असताना मैत्रीण म्हणाली, "हात पदरात घ्या. आता नाय."

दोन मिनिटं असताना सून म्हणाली, "आई, टाकू?" मैत्रीण म्हणाली, "तू गप गो. समुद्राकडं बघ."

वीस सेकंदांवर मीच बोट ठेवलं. माझा सगळा आकडा, एकदम. फोनवर हिरवं आलं, तुम्ही पुढे आहात. मैत्रीण ओरडली, "आली! वयनी, आली आपली!" आणि तिने माझी पाठ थोपटायला हात उचलला, तेवढ्यात हिरव्याचं लाल झालं. मला वाटलं, फोनला काही झालं. लालच राहिलं. वेळ संपली.

तू माझ्यापेक्षा एका पायरीने वर होतीस. त्या एकाच पायरीवर उभी होतीस, की आणखी दहा पायऱ्या वर बसून खाली बघत होतीस, ते मला कधी कळणार नाही. मशीन ते सांगत नाही. सून म्हणाली, "आई, थोडं जास्त टाकलं असतं तर..." मैत्रीण तिच्यावर खेकसली. "तर ती पन वर गेली असती. आकडा पोटात ठेवलेला तो खरा आकडा. त्याच्यावर रडायचं नाय."

मी रडले नाही. जिना उतरले, चहा केला. चहात साखर घालायची विसरले आणि आम्ही तिघी तो तसाच प्यायलो.

रात्रभर वाटलं, बरंच झालं. डाय घरात ठेवायची नाही असं ह्यांचंच होतं. पण सकाळी परात घेतली, उकड मळायला बसले, आणि हात थांबला. मला ती पट्टी नको होती गं. मला तो ठसा हवा होता. एकदा, हातावर. ह्या वेळी मी "बरं आहे" म्हणणार नव्हते. नीट सांगणार होते.

मैत्रीण दारावर आली तेव्हा मी तशीच बसलेली. ती म्हणाली, "आमच्यात दुसरीनं पाटी घेतली ना, की हरलेली तिच्याकडं जाते नि सांगते, बाय, पाटी तुजी, मला वाटा दे. नाय म्हनत नाय कोनी. नाय म्हनली तर उद्या तिला कोन देनार? तुमी वाटा मागा की!"

"लोखंडाचा वाटा कसा मागायचा?"

"लोखंड कशाला? तुमच्या पिठाचा मागा."

बघ, शाळा न शिकलेली बाई.

विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, घेणाऱ्याचा पत्ता देता येत नाही, पण तुम्ही काही लिहून दिलंत तर पुढे पाठवीन. म्हणून तू समोर बसली आहेस असं धरून हे लिहायला बसले. चार ओळी लिहायच्या म्हणून बसले आणि बघ किती झालं.

तू माझं ते वाचलं होतंस, त्या प्रश्नाच्या जागी लिहिलेलं, हे मला माहीत आहे. न वाचता कोणी गंजलेल्या पट्टीसाठी माझ्या पुढे एक पायरी चढत नाही. पहिल्यांदा त्याच्यावरच राग आला होता. वाचून हात खाली ठेवला नाहीस! आता वाटतं, तुलाही ते पान आवडलं असेल. आवडल्यावर हात खाली राहत नाही, माझाही राहिला नव्हता, मी अख्खं पान हिसकावून घेतलं होतं. तेव्हा पाटी तुझी, ती तुझीच. परत मागत नाही. विकत दे असंही म्हणत नाही.

एक मात्र सांगते. तिला चिंचेने घासू नकोस, चकचकीत करायला जाऊ नकोस. बारीक रेघा जातात. शिवणयंत्राचं तेल लाव, जुन्या मऊ फडक्याने पूस. पाचव्या पानाच्या कडेला तेल साचू देऊ नकोस.

आणि ये गं एकदा. पालघरच्या पुढे बोईसरला उतर, तारापूरची गाडी किंवा रिक्षा मिळते, मैत्रीण नाक्यावर बसते मासे घेऊन, तिला विचारलंस की ती घरापर्यंत आणून सोडेल, सगळी गोष्ट सांगत सांगत. डाय पिशवीत घालून आण, वजनाला जड नाही. दुपारी जेवायलाच थांब. मी उकड काढून ठेवते, ऊन असतानाच दाबायची, गार झाली की शिरा उठत नाहीत. पहिला ठसा माझ्या हातावर दे, दुसरा तू घे. मग दोन्ही मळून भाकरी करू आणि तू पाहुणी म्हणून पहिली तुला वाढीन.

लवकर ये. पुढच्या रविवारी आलीस तरी चालेल, मी घरीच असते.